रिअ‍ॅक्शन द्यावी कशी, कोणाला

व्हॉट्सॲपने मे २०२२ मध्ये मेसेजवर रिअ‍ॅक्शनची सोय केली, तेव्हा अंगठा, बदाम, हसरा, अचंबित, रडका आणि नमस्कार असे सहाच पर्याय होते. जुलैत सगळा बाजार खुला झाला आणि जळगाव-धुळ्याच्या भाऊबंदकी ग्रुपांवर रुसव्याफुगव्यांना नवे निमित्त मिळाले. म्हणून हे मार्गदर्शन.

कृती सोपी आहे. मेसेजवर बोट दाबून धरावे, पट्टी उघडते, चिन्ह निवडावे. चुकल्यास काढता येते; मात्र तोवर आप्पांनी पाहिलेले असते. एका मेसेजला एका माणसाची एकच रिअ‍ॅक्शन बसते, त्यामुळे दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

सगळ्यात अवघड पेपर निधनवार्तेचा. ‘अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल’ या ओळीखाली चष्म्यावाचून रडका शोधू नये. हसून डोळ्यांत पाणी आलेला त्याच्यापासून एकच घर सोडून बसलेला असतो. अंगठाही नको, प्रस्ताव मंजूर केल्यासारखा दिसतो. नमस्कार द्यावा. तो निधनाला चालतो, साखरपुड्याला चालतो, कानबाईच्या फोटोला तर चालतोच, आणि उसने पैसे मागणाऱ्यालाही चालतो, कारण हो की नाही ते त्याला कळत नाही.

हिवाळ्यात भरीत पार्टीचे फोटो येतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत ठेचणारे तात्या, बाजूला कळण्याच्या पुऱ्यांची चळत. इथे बदाम सक्तीचा, तुम्हाला बोलावलेले नसले तर जास्तच. तात्या रिअ‍ॅक्शनवर बोट ठेवून नावे वाचतात आणि ज्याचे नाव नाही त्याला भर लग्नात गाठतात, “काय रे भो, बदाम काब्र नही दिन्हा?”

बऱ्हाणपूरच्या केळीभावाचा मेसेज आला तर भाव चढल्यावर अंगठा, उतरल्यावर रडका, असा रावेर-यावलकडचा रिवाज आहे. व्यापारी दोन्ही वेळा गप्प राहतो आणि बांधावर येऊन त्याहून कमीच भाव सांगतो. त्यासाठी योग्य चिन्ह सापडले, तरी कापणी होईपर्यंत देऊ नये.

गंधमुक्तीच्या मेसेजला नमस्कार टाकून मोकळे होऊ नये. तारीख आणि द्वारदर्शनाची वेळ खालीच लिहिलेली असते. ती वाचावी आणि सकाळच्या एसटीने निघावे.