आदर्श नोकरदार आई : पात्रता, नियम व सूचना

या पदाची जाहिरात कधी निघत नाही, तरी दरवर्षी जागा भरतात. पगार नाही (तो दुसऱ्या नोकरीचा), बढती नाही, राजीनाम्याची सोय तर नाहीच. तेव्हा उमेदवार बाईंनी पुढील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात. वेळ नसल्यास कुकरच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या दरम्यान वाचाव्यात. बहुतेक उमेदवारांचे वाचन सध्या तिथेच चालते.

आधी वेळेचा हिशेब. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असे निघाले. ९७ वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत असेल तर थांबावे. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांची आहे, आणि चारांतल्या जवळजवळ तिघांनी हात लावलेलाच नव्हता. मुलांचे आणि दुखण्याखुपण्याचे करणे यात धरलेले नाही, त्याचा रकाना वेगळा. उमेदवाराने हे आकडे पाहून चिडू नये. चिडायला लागणारी दहा मिनिटे २९९ मध्ये मोजलेली नाहीत. ती झोपेतून वजा होतात.

आता ‘स्वतःसाठी वेळ’. पहाटे पाचला उठा, ती वेळ फक्त तुमची, असे मार्गदर्शक पुस्तके एकमुखाने सांगतात. पुस्तके लिहिणाऱ्यांच्या घरी पाणी बहुधा चोवीस तास येत असावे. इतरांकडे पाचला उठलेल्या बाईची वाट नळ पाहत असतो, त्यानंतर दूधवाला, आणि मग ‘माझा निळा मोजा कुठंय’ अशी हाक. म्हणून अनुभवी उमेदवार स्वतःसाठीचा वेळ घरात शोधतच नाहीत. त्या तो लोकलमध्ये शोधतात.

५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ बायकांसाठीची लोकल सुरू केली. तेव्हापासून, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून साध्या लेडीज डब्यातही, व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग रोज भरत आहेत. डोंबिवलीला चढलेली बाई आधी ‘कुठे उतरणार?’ असे विचारून जागा नक्की करते. मिळालीच तर मांडीवर दोन पिशव्या उघडतात. एकीत गवार, दुसरीत गवारीची मोडलेली टोके आणि शिरा. ठाणे येईपर्यंत पाव किलो निवडून होते. बोटांकडे बघावे लागत नाही, त्यामुळे तोंड मोकळे असते आणि तेवढ्यात शेजारणीच्या सासूचे ऑपरेशन, साहेबाचा तिरसटपणा आणि नव्या कुर्त्याची किंमत असे तिन्ही विषय उरकतात. दसऱ्याला डब्याला तोरण लागते, गाणी होतात, भिशी फुटते. डोहाळजेवणेसुद्धा चालत्या गाडीत झालेली आहेत. चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर ठेवून आत्मसाक्षात्कार करून घेण्याची ही सोय हिमालयात नाही. परतीच्या गाडीत मात्र बोलू नये. परतीच्या गाडीत डोळे मिटावेत.

पात्रतेच्या अटी आता बऱ्याच सैल झाल्या आहेत, हे उमेदवाराने कृतज्ञतेने लक्षात ठेवावे. पूर्वी संतुलन साधण्याची जबाबदारी सरकारच घेत असे. परराष्ट्र सेवेतल्या स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा द्यायचा, असा नियमच होता. त्याच सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला. संसाराचा अडथळा पुरुष अधिकाऱ्यालाही येऊ शकतो, अशी धक्कादायक शक्यता न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालात बोलून दाखवली. एअर इंडियाचा नियम त्याहून सुटसुटीत होता. हवाईसुंदरीची नोकरी वयाच्या पस्तिशीला, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास लग्नाला, किंवा पहिल्या गरोदरपणाला संपे. यांतले जे आधी येईल ते. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाला वाजवी वाटली. सगळे एकदम मागू नये, हा धडा तिथून घ्यावा.

रजेचे नियम पाठ असावेत. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूतिरजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, १९२९ मध्ये कायदा झाला, १९६१ मध्ये देशभराचा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिले पाहिजे, असेही त्यात आहे. चार वेळा जाण्यासाठी पाळणाघर आधी असावे लागते, एवढीच काय ती अडचण. ईएसआय या कामगार विमा योजनेच्या कक्षेबाहेरच्या नोकरीत सव्वीस आठवड्यांचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. म्हणून मुलाखतीत ‘पुढचं काय प्लॅनिंग?’ असे कोणी प्रेमाने विचारले तर ते कंपनीच्या पंचवार्षिक योजनेबद्दल आहे असे समजून उत्तर द्यावे. बाप झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पंधरा दिवस रजा आहे. खाजगी नोकरीत तेवढीही द्यावी असा कायदा नाही. बाळाला त्याची तशी गरज नसते, हे बाळाला विचारूनच ठरवले असणार.

सव्वीस आठवडे ज्यांना लागू नाहीत अशा उमेदवारांची संख्या मोठी असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र सूचना देणे भाग आहे. बीडची ऊसतोड बाई नवऱ्यासह मिळून एक ‘कोयता’ असते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीने. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. मूल फडाच्या कडेला. एक दिवस जरी चुकला तरी खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी दर महिन्याला येते, म्हणजे खाडाही दर महिन्याला. सरकारी समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. काम आणि आईपण यांचा मेळ घालण्याचा हा उपाय कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही.

यशस्वी स्त्रियांची चरित्रे वाचावीत, पण वाचताना नजर थोडी बाजूला ठेवावी. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरण घ्या. बर्लिनची डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजातले संशोधन, देशभर हिंडून केलेली मोजमापे, तीन मुले, ‘युगान्त’साठी साहित्य अकादमी, आणि वर पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर. हे सारे एका बाईने कसे जमवले, असा प्रश्न व्याख्यानांतून हमखास विचारला जातो. घरच्या व्यवहाराचा मोठा भार त्यांचे पती दिनकर कर्वे उचलत, हे उत्तर फारसे कोणी देत नाही. ते स्वतः फर्ग्युसनचे प्राचार्य होते, म्हणजे रिकामे होते असे नाही. कृतीतला हा मुख्य जिन्नस बहुतेक पुस्तके गाळतात आणि मग पदार्थ बिघडला की हात बाईचा, असे म्हणतात.

दिनकरराव घरी नसल्यास पर्याय आहेत. आई किंवा सासू, गुडघे शाबूत असेपर्यंत. पाळणाघरवाल्या काकू, संध्याकाळी सातच्या आत. पोळीभाजी केंद्र, डोंबिवलीत यांच्याविषयी कोणी वावगे बोललेले खपवून घेतले जात नाही. आणि बाई. कामाला येणारी बाई आली नाही तर ऑफिसातले प्रेझेंटेशन कोसळते, हे अर्थशास्त्र एमबीएला शिकवत नाहीत. त्या बाईचे मूल त्या वेळी कुठे असते, हा प्रश्न मात्र उमेदवाराने शक्यतो टाळावा, कारण उत्तर बहुधा ‘मोठ्या मुलीकडे’ असे येते आणि मोठी मुलगी नऊ वर्षांची निघते. ते मूल अंगणवाडीत असेल तर तिथली सेविकाही कोणाची तरी आईच असते. १९७५ पासून चालू असलेल्या या अंगणवाडी योजनेत तिला पगार नाही, मानधन मिळते. मान आणि धन यांपैकी काय कमी पडते हे तिच्या मोर्चांच्या घोषणांवरून कळेल.

शेवटी कागदपत्रे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि त्यानंतर आडनाव, असा क्रम आहे. शाळांमध्ये हा क्रम आधीपासूनच पाळला जातो, निदान फोन करण्याच्या बाबतीत. प्रवेशअर्जावर पहिला संपर्क म्हणून वडिलांचा नंबर लिहिला, अधोरेखित केला, तारा काढला, तरी मुलाने वर्गात उलटी केली की फोन आईलाच येतो, आणि तो मीटिंगमध्येच येतो. उमेदवाराने ‘एक मिनिट’ म्हणून बाहेर यावे, शिपायाला विचारून मागचा जिना गाठावा, रिक्षात बसल्यावर साहेबांना मेसेज टाकावा आणि मग नवऱ्याला फोन लावावा. तो उचलणार नाही. तोही मीटिंगमध्ये असतो, आणि मीटिंगमध्ये फोन घेणे त्याला बरे दिसत नाही.