बुडीत खात्यातली आमरी

ठाण्याच्या नौपाड्यात ऑर्किड येतं ते आहेरातून. घरभरणी असते, कुणाची साठीशांत असते, कुणाचे आजोबा अँजिओप्लास्टी करून घरी आलेले असतात. मग कोणीतरी पारदर्शक कागदात गुंडाळलेली, चंदेरी रिबीन बांधलेली एक कुंडी टीपॉयवर आणून ठेवतं. वाकलेल्या दांड्यावर ओळीने बसलेली सात-आठ पांढरी फुलं. घरातली मंडळी दोन दिवस ती प्लास्टिकची समजतात आणि तिसऱ्या दिवशी नख लावून खात्री करून घेतात. फुलं दोन-अडीच महिने हलत नाहीत. मग एकेक करून गळतात आणि मागे चार चामड्यासारखी पानं उरतात. पुढचा प्रवास ठरलेला. टीपॉयवरून न्हाणीघराच्या खिडकीत, तिथून वॉशिंग मशीनवर, मशीनवरून जिन्याच्या वळणावर आणि शेवटी तळमजल्यावर ओल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी.

त्या डब्याशेजारी सकाळी साडेसहाला, एका हातात दुधाची पिशवी धरून वाकलेले जे गृहस्थ दिसतात, ते ऑर्किडकाका.

घंटाळीपासून विष्णूनगरपर्यंत चार गल्ल्या फिरलं तर असा एखादा नमुना सापडतोच. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेला, कुणी शाळेत जीवशास्त्र शिकवलेला. आपले काका बँकेतले, आणि बँकेत वसुली खात्यातले. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादक, हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरलेला की घरातला बल्ब गेला तरी ते आधी थकबाकीची तारीख विचारतात. डब्याशेजारची कुंडी उचलून, चष्मा कपाळावर सरकवून ते मुळं बघतात आणि स्वतःशीच म्हणतात, “थकलंय. बुडालेलं नाही.”

ही नजर मात्र फुकट आलेली नाही. तिच्यामागे तीन खून आहेत.

पहिलं ऑर्किड त्यांना स्वतःच्याच निरोपसमारंभात मिळालं. काकांनी ते कोळशातून उपटून लाल मातीत लावलं, वर शेणखत घातलं आणि तुळशीबरोबर रोज तांब्याभर पाणी दिलं. तीन आठवड्यांनी पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं, तर मुळं शिजलेल्या शेवयांसारखी हातात आली. दुसरं ‘ऊन मिळालं पाहिजे’ म्हणून मे महिन्यात गच्चीवर ठेवलं. त्याच्या पानांवर पापडासारखे भाजल्याचे डाग उमटले. तिसरं डेंड्रोबियम होतं. फुलं संपल्यावर त्याची पानं गळालेली, सुकल्यासारखी दिसणारी जुनी खोडं काकांनी स्वच्छतेची आवड म्हणून कात्रीने साफ केली. पुढे कळलं, की ती फुगीर खोडं म्हणजे झाडाची मुदत ठेव. पाणी आणि अन्न तिथेच साठवलेलं असतं आणि जुन्या खोडावरही पुन्हा फूल येऊ शकतं. वसुली खात्यातल्या माणसाने गरीब खातेदाराची ठेव मुदतीआधी मोडली! काका दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं काकू सांगतात. (जेवले. वरणभात टाळला, एवढंच.)

मग अभ्यास सुरू झाला. काकांना पहिला धीर दिला तो इंग्रजांनी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. झाडं उष्ण प्रदेशातली, तेव्हा त्यांना उकाडा हवा, या समजुतीने त्यांनी ती बंद, वाफाळलेल्या काचघरांत कोंडली आणि हजारोंनी मारली. चॅट्सवर्थचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने काचघरात मोकळी हवा खेळवली, तेव्हा कुठे ती तगायला लागली. “साहेबानेही मारली,” हे वाक्य काकांनी त्या आठवड्यात निदान पाच जणांना ऐकवलं.

मुळांचं गणित कळायला मात्र वर्ष गेलं. बाजारात मिळणारी बहुतेक ऑर्किडं मूळची झाडावर राहणारी. त्यांच्या मुळांवर मृत पेशींचं एक स्पंजासारखं आवरण असतं. ते पावसाचं पाणी झटकन शोषतं आणि मग वाऱ्यावर वाळतं. मूळ चंदेरी दिसलं की तहान लागलेली, हिरवं दिसलं की पोट भरलेलं. हे खातेपुस्तक झाडाने उघडं टाकलेलं असतं, आणि माणसं ते न वाचता रोज सकाळी सवयीने पाणी ओततात. बिचारं झाड तहानेने क्वचित मरतं. मरतं ते गुदमरून. फॅलेनॉप्सिसला तर फुगीर खोडही नाही. त्याचं हातावर पोट, जे काही आहे ते पानांत आणि मुळांत. त्याची मुळं कुजली म्हणजे पगारच बंद.

फॅलेनॉप्सिस हे नाव घरात रुळायला वेळ लागला. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘फालतूनॉप्सिस’ केलं. नावाचा अर्थ ‘पतंगासारखं दिसणारं’. तो काका कुणालाही सांगतात. ‘ऑर्किड’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ मात्र ते फक्त ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, आजूबाजूला कुणी भगिनी नाहीत हे पाहून, हळू आवाजात सांगतात. तिथे तो दर महिन्याला नव्याने हशा मिळवतो.

साहित्यासाठी काका नर्सरीत जात नाहीत; नौपाडा हीच त्यांची नर्सरी. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून. नारळाची सोडणं देवळाबाहेरच्या नारळवाल्याकडून. ती दोन दिवस भिजवून, पाणी बदलून मगच वापरायची. आणि विटांचे तुकडे? दर तिसरी इमारत पुनर्विकासाला गेलेल्या नौपाड्यात विटांच्या तुकड्यांना काय तोटा! शेजारची दुमजली वास्तू पडली तेव्हा रहिवासी हळहळले. काका पिशवी घेऊन गेले. कुजलेलं मूळ कापल्यावर जखमेवर लावायला दालचिनीची पूड लागते. ती काकूंच्या मसाल्याच्या डब्यातून जाते, त्यामुळे त्या घरातला मसालेभात गेली चार वर्षं दालचिनीविना चालला आहे. पिठ्या ढेकूण टिपायला कानकोरणीचा कापूस आणि स्पिरिट. खत १९:१९:१९, पण डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत. “एकदम मोठं कर्ज दिलं की बुडतंच,” असं काका हिशेबाच्या वहीत नोंद करता करता म्हणतात. वहीत प्रत्येक कुंडीला खाते क्रमांक आहे.

पूर्वेच्या गॅलरीत, ग्रिलला लोंबकळत अशी एकोणीस खाती आहेत. सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत, मग पातळ पांढऱ्या पडद्याची सावली. कुंडी पंधरा मिनिटं बादलीत बुडवायची, निथळू द्यायची, आणि पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर ते कागदाच्या बोळ्याने टिपायचं, नाहीतर शेंडा सडतो. डिसेंबर-जानेवारीत काकांचा छळ शिगेला पोचतो. रात्री काही आठवडे पारा विशीच्या आसपास उतरला की फॅलेनॉप्सिसला दांडा काढायची बुद्धी होते. सतत २८ अंशांच्या वर ठेवलं तर ते नुसती पानंच काढत बसतं. ठाण्याची थंडी ती केवढी! ती वाया जाऊ नये म्हणून गॅलरीचं दार रात्रभर सताड उघडं. काकू शाल, मोजे आणि कानटोपी घालून झोपतात.

कुणी या झाडांना बांडगूळ म्हटलं की काका चवताळतात. बांडगूळ मालकाच्या ताटात जेवतं. आमरी, म्हणजे ऑर्किड, नुसती कॉट बेसिसवर राहते, डबा स्वतःचा. गंमत अशी, की झाडावर वाढणाऱ्या असल्या वनस्पतींना संस्कृतात वंदा, वंदाक म्हणत आणि ‘व्हँडा’ हे शास्त्रीय नाव त्यावरूनच पडलं. काकांनी हे मित्राला सांगितलं, तर मित्र म्हणाला, “वंदना टॉकीज माहीत आहे, तिथे पाणी तुंबतं.” पाण्यात बुडलेल्या वंदाची कल्पनाही काकांना सहन होईना. मग त्यांनी त्याला कोकणात आंब्या-फणसावर लोंबणारी सीतेची वेणी ऐकवली. सांतापाव आणि कपाडिया यांनी १९६६ साली मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवर अख्खा ग्रंथ काढला, हेही ऐकवलं. मित्र मिसळ खाऊन निघून गेला. भाचीने मात्र गावाहून ‘तुमच्यासाठी’ म्हणून सीतेची वेणी खरवडून आणायचं म्हटलं, तेव्हा काकांनी तिला फोनवरच थांबवलं. जंगलातलं ऑर्किड उचलायचं नाही. त्यांची वसुली फक्त कचऱ्याच्या डब्यापाशी.

बियांची गोष्ट ते खास नव्या श्रोत्यासाठी राखून ठेवतात. ऑर्किडचं बी धुळीएवढं, त्यात अन्नाचा कण नाही. जंगलात एखादी बुरशी त्याला खाऊ घालते, तेव्हा ते रुजतं. म्हणजे जन्मतःच शिल्लक शून्य, आणि जामीनदार बुरशी! अमेरिकेतल्या लुईस नुडसनने १९२२ मध्ये बुरशीला वगळून, साखर घातलेल्या अगारवर बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून ही झाडं बाटल्यांमधून वाढू लागली. तरी बी ते फूल यात काही वर्षं जातातच. “आणि तुम्ही ते अडीच महिन्यांत टाकता,” असं म्हणून काका श्रोत्याकडे असे बघतात की त्याला आपला एखादा हप्ता राहिल्यासारखं वाटतं.

दुसऱ्याच्या घरी गेले तरी काका आधी कुंडीकडे जातात. एका केळवणात नवरी मुलगी पाया पडायला वाकली, तेव्हा काका तिच्या मागच्या कोनाड्यातल्या ऑर्किडची मुळं तपासत होते, आशीर्वाद म्हणून निघालं ते “पाणी कमी करा.” नवऱ्या मुलाने मान डोलावली.

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला आहे : खातं सुरळीत झालं, म्हणजे फूल आलं, की मूळ मालकाला परत. चार वर्षांत एकही परत गेलं नव्हतं. “अजून निरीक्षणाखाली आहे,” हे कायमचं उत्तर. या मार्चमध्ये मात्र घात झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या आणि गॅलरीत थबकल्या. खाते क्रमांक ११, नऊ फुलं.

“अय्या, काका, अगदी असंच आमच्याकडे होतं हो. मेलं बिचारं.”

“अरेरे,” काका म्हणाले आणि कुंडीच्या पुढे उभे राहिले. पण चंदेरी रिबीन सोडायची राहून गेली होती. काकूंनी वहिनींच्या हातावर वाटली डाळ ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “मेलं नाही. तुमचंच आहे ते. घेऊन जा.”

वहिनींनी पाडव्याला ते गुढीशेजारी ठेवलं, फोटो काढले, सगळ्या नातेवाइकांना पाठवले. काकांनी पाण्याच्या सूचना कागदावर लिहून दिल्या होत्या. तो कागद फ्रीजवर चुंबकाखाली आहे. आता जून लागला आहे. काका चौथ्या मजल्यावरून दुधाला उतरतात तेव्हा तिसऱ्यावर पायाचा वेग आपोआप कमी होतो. काल दार अर्धवट उघडं होतं. फुलं संपली आहेत, कुंडी वॉशिंग मशीनवर आली आहे. काकांच्या हिशेबाने जिन्याच्या वळणापर्यंत अजून दोन-तीन आठवडे.