दुसरा डूल

प्रत्येक सोसायटीत एक डूलवाल्या वहिनी असतात. बोलताना त्या तुमच्या तोंडाकडे पाहत नाहीत, कानांकडे पाहतात. "अगंबाई, तुमचं भोक ओघळलंय. तुम्हाला हलकंच काहीतरी करून देते," असं त्या जिन्यात चारचौघांत जाहीर करतात आणि आपण नकळत कान झाकतो.

वहिनींचा कारखाना दिवाणावर चालतो. बोहरी आळीतून आणलेले काचेचे मणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत रंगवार भरलेले. भावजींची पक्कड केव्हाच जप्त झालेली. तिच्या दातांचे वळ तारेवर उठतात म्हणून गोल, निमुळत्या तोंडाची नवी पक्कड आली, पण जुनी काही परत गेली नाही. हुकाला २० गेजची तार, मणी गुंफायला २६ ची. नंबर वाढला की तार बारीक होते, हे बँकेत हयात घालवलेल्या भावजींना अजून पटलेलं नाही.

"जर्मन सिल्व्हर आहे हो!" वहिनी भारदस्तपणे सांगतात. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. ज्यांना निकेल सोसत नाही, त्यांचे कान लालबुंद होतात. वहिनी म्हणतात, "बघा, कानांवर कसं तेज आलंय!"

पहिला डूल करताना वहिनी कलावंत असतात. तारेचं टोक वळवून फासा करायचा, मणी ओवायचे, वर पुन्हा फासा, उरलेल्या तारेचे मानेशी दोन-तीन वेढे, की कच्चकन कापायचं. मनात आलं तर एक वेढा जास्त. पण देवाने कान दोन दिलेत. दुसरा डूल हुबेहूब पहिल्यासारखाच व्हावा लागतो, म्हणजे कलावंताने कारकून व्हायचं. आणि घरात एक कारकून पुरे, असं वहिनींचं मत. म्हणून त्यांच्याकडे बिनजोडीचे डूल ढिगाने. चुकून जोडी झालीच, तर एक खांद्याला टेकतो, दुसरा गालापाशीच थांबतो. "हाताने केलंय. तंतोतंत हवं असेल तर मशीनचं घ्या!"

गणपतीच्या तोंडावर त्यांना भिकबाळी सापडली. पेशवाईतला हा पुरुषी दागिना: तारेत मोती, मध्ये एखादा लाल नाहीतर हिरवा खडा आणि मुख्य म्हणजे एकाच कानात! ढोल-ताशा पथकातली पोरं हल्ली ती चापाने अडकवतात, भोकाचीही भानगड नाही. बायकांना जे कधी सुचलं नाही ते पुरुषांना तेव्हाच कळलं होतं, म्हणून वहिनी पहिल्यांदाच पुरुषजातीवर खूश झाल्या. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि तासाभरात चौथ्या मजल्यावरच्या काकू दारात.

"वहिनी, काय सुरेख जमलीय! मला दोन द्या. आमचे जुळे एकाच पथकात आहेत ना. पण अगदी सारख्या हव्यात हं, केसाइतका फरक दिसला तरी भांडतात मेले!"