करून राहिला

नागपुरात भाषा घडवण्याचा कारखाना एकदा खरोखरच निघाला होता. फाळणीच्या तोंडावर डॉ. रघुवीर आपली संस्था लाहोरहून इथं घेऊन आले आणि इंग्रजी राज्यकारभारातल्या एकेका शब्दासाठी संस्कृत धातू, पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय अशी जुळणी करत त्यांनी हिंदी शब्दांची रास घातली. एका ‘विधी’पासून विधेयक, विधायक, वैध, अवैध असं अख्खं खटलं उभं करायचं, ही त्यांची रीत. टवाळांनी ‘कंठलंगोट’सारखे शब्द त्यांच्या नावावर खपवले, विद्वानाचा सूड घ्यायला तेवढं पुरतं. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. इतकी खटपट करून बदलली ती नामं आणि विशेषणं. विधेयक कितीही संस्कृत झालं तरी शेवटी ते संमत ‘होतं’च, आणि ते ‘होणं’ जिथल्या तिथं राहिलं. ज्याला क्रियापद वळवता आलं नाही त्यानं नवी भाषा केली, असं मी मानत नाही. या कसोटीवर नागपुरात भाषेचा निर्माता एकच उरतो. तर्रीपोह्यांच्या ठेल्याशी उभा राहून ‘काय करून राहिला बे?’ असं विचारणारा नागपूरकर.

हे वाक्य नीट न्याहाळा. ‘राहिला’ हे रूप उघड भूतकाळाचं. पण विचारणाऱ्याला काल काय केलं याच्याशी कर्तव्य नाही. त्याला या क्षणाचा हिशेब हवाय. ‘मी जाऊन राहिलो’ म्हणणारा माणूस कुठंही राहिलेला नसतो, तो चालू लागलेला असतो. ‘उद्या मामा येऊन राहिले’ म्हटलं की तेच रूप भविष्यकाळात जाऊन बसतं. खरा भूतकाळ हवा असेल तर पुढे ‘होतो’ जोडायचं, की झालं काम. पुणेकरानं ‘ती रुसून राहिली’ म्हटलं तर ती बाई दिवसभर कोपऱ्यात बसलीय. नागपूरकरानं म्हटलं तर ती आत्ता रुसतेय आणि समजूत काढायला अजून वेळ आहे. एवढ्या फरकावर संसार तरू शकतो. यात आणखी एक गंमत आहे. प्रमाण मराठीत ‘मी पोहे खाल्ले’ म्हणताच क्रियापद कर्त्याला सोडून पोह्यांच्या मागं जातं. खाणारा मी, आणि मान पोह्यांना. ‘मी पोहे खाऊन राहिलो’ या वाक्यात मात्र क्रियापद इमानानं खाणाऱ्याशीच जुळतं. ज्यानं पैसे मोजले त्याला व्याकरणात जागा मिळते.

आता जगातल्या नामांकित बनावट भाषा शेजारी ठेवून पाहा. वॉर्साचे नेत्रवैद्य झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये एस्परान्तो काढली. सोळा नियम, अपवाद नाही: वर्तमानाला ‘अस’, भूताला ‘इस’, भविष्याला ‘ओस’. तीन काळांना तीन डबे! नागपूरकर तिन्ही काळ एकाच डब्यातून वाढतो. ‘स्टार ट्रेक’ या चित्रपटमालिकेसाठी मार्क ओक्रँड यांनी १९८०च्या दशकात क्लिंगॉन भाषा बांधली. ती परग्रहावरची वाटावी म्हणून त्यांनी मूर्धन्य ध्वनी घातले आणि आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता असा जगात विरळा क्रम ठेवला. आता मूर्धन्य ध्वनींचं कौतुक ट-ठ-ड-ढ-ण-ळ गिळत वाढलेल्या माणसाला काय सांगायचं? विदर्भातल्या खेड्यांत तर ‘ळ’चा इतका सुकाळ, की तो वापरून कंटाळा आला म्हणून डोळ्याचा ‘डोया’ आणि केळीची ‘केयी’ झाली. राहिला क्रम. ‘पोहे खाऊन राहिलो मी.’ कर्म, क्रियापद, कर्ता. परग्रहासाठी जे खास शोधलं, ते इथं न्याहारीला चालतं.

‘हा शोध कसला, हिंदीची नक्कल आहे,’ हा आक्षेप येणारच, आणि तो अगदीच पोकळ नाही. नागपूर दीर्घकाळ मध्य प्रांताची राजधानी होतं. एकाच कचेरीत, एकाच बाजारात मराठी-हिंदी खांद्याला खांदा लावून वागल्या. ‘कर रहा है’ कानावर पडत राहिलं, नमुना तिथूनच आला. पण नक्कल असती तर नुसत्या धातूवर भागलं असतं. हिंदीत ‘कर’ आहे, इथं ‘करून’. हिंदीला शेपटाला ‘है’ लागतो, इथं ‘आहे’ला रजा. आराखडा पाहुण्याचा, पण माल सगळा घरचा; झामेनहोफनीही युरोपभरचे शब्द उचललेच की, आणि त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. दुसरा आक्षेप असा की निर्माता दाखवा. नावानिशी निर्माता नाही, मान्य. पण झामेनहोफनी पहिल्याच पुस्तकात आपल्या भाषेवरचा हक्क सोडून ती सर्वांची म्हणून टाकली. नागपूरकरानं हक्क सांगितलाच नाही, एवढाच फरक. मग पोरांच्या ‘च’च्या भाषेचं काय, असं कुणी विचारील. ‘मी घरी जातो’चं ‘चमी चरीघ चतोजा’ होतं, शब्दाचं पहिलं अक्षर जोडाक्षरासकट शेवटी जातं, ही शिस्त पाहून कुणाही ध्वनिशास्त्रज्ञानं टोपी काढावी. पण ‘जातो’ आतून ‘जातो’च राहतो. ते कुलूप आहे, भाषा नव्हे.

उरतो ‘अशुद्ध’ हा शिक्का. तो मारणाऱ्यांनी ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा १९०५ चा सातवा खंड उघडावा. तो सगळा मराठीला वाहिलेला आहे आणि वऱ्हाडी-नागपुरीला त्यात मानानं जागा दिलेली आहे. परक्या साहेबानं जे मराठी म्हणून नोंदवलं, त्याला आपण लाल शाईनं खोडायचं, हा उलटा न्याय झाला. तेव्हा पाठ्यपुस्तकवाल्यांना माझी विनंती छोटीशी आहे. अपूर्ण वर्तमानकाळात ‘तो करत आहे’ याच्यापुढे एक तिरकी रेघ मारा आणि ‘करून राहिला’ एवढं छापा. विदर्भातल्या मास्तरांना ते शिकवावं लागणार नाही. पुण्याच्या मुलांना मात्र परीक्षेत विचारा, आणि पाच मार्कांना विचारा.