रात्रीचा इनटेक

रात्री साडेबारानंतर वाकड-हिंजवडी पट्ट्यात समोरच्या इमारतीच्या एखाद्या खिडकीत निळसर उजेड दिसला, तर तिथे कोणी सिनेमा बघतंय असा गैरसमज करून घेऊ नका. तिथे एमएस चाललंय. म्हणजे एमएसचा विचार चाललाय. पण तो इतक्या निष्ठेने, की प्रत्यक्ष एमएस करणाऱ्याने लाजावं.

झोप येत नाही, हे घरात सांगायची सोय नसते. सांगितलं की आई जायफळ घालून दूध आणते, वडील मोबाइलवर घसरतात आणि काका लग्नाचा विषय काढतात. त्यापेक्षा ‘युनिव्हर्सिटीज बघतोय’ म्हणावं. सगळं घर चपला हातात घेऊन चालू लागतं. शिवाय वेळेला कारण तयारच असतं : तिकडे आत्ता दिवस आहे! इथे रात्रीचा एक, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये भर दुपार. कोणाला फोन करायचा नसतो, मेलही टाकायचा नसतो. पण तिथलं ऑफिस उघडं असताना वेबसाइट बघितली तर आपल्याकडे जरा आपुलकीने लक्ष दिलं जातं, अशी एक श्रद्धा आहे.

या साधनेचा मुख्य ग्रंथ म्हणजे एक्सेल शीट. अँबिशस लाल, मॉडरेट पिवळं, सेफ हिरवं. पहिल्या आठवड्यात रकाने साधे असतात : शुल्क, शेवटची तारीख, जीआरई लागते की नाही. मग रात्री वाढतात तसे रकानेही वाढतात. हिवाळ्यात सूर्य किती वाजता मावळतो? तूरडाळ किती किलोमीटरवर मिळते? शीट इतकी आडवी पसरते, की विद्यापीठाचं नाव बघायला पुन्हा डावीकडे जावं लागतं आणि तिथे पोचेपर्यंत आपण काय बघायला आलो होतो ते आठवत नाही.

जर्मनी ही मात्र खास दोन वाजल्यानंतरची चीज. तिथे गुणांचा मामला उलटा : १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. आपला सीजीपीए त्या भाषेत बसवायला सुधारित बव्हेरियन नावाचं सूत्र आहे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण याने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. आता समजा, इंजिनीअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपराचा, म्हणजे एम-थ्रीचा, बॅकलॉग धरून चिरंजीवांचा सीजीपीए ७.२ आहे. पासिंग ४ धरलं तर उत्तर येतं २.४. पासिंग ५ धरलं तर २.६८. आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची अट असते २.५ची! म्हणजे एका आकड्याच्या अलीकडे म्युनिक आणि पलीकडे माण रोड. हे कळल्यावर कोणाला झोप लागेल? आपल्या विद्यापीठात पासिंग ४ आहे की ५, हे गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेलं असू शकतं. गुणपत्रिका कपाटात आहे. पण कपाट उघडलं तर प्रश्नच मिटेल, म्हणून ते कोणी उघडत नाही.

आई पाणी प्यायला उठते.

‘‘अजून जागाच?’’

‘‘जर्मनी बघतोय.’’

‘‘बघ हो. पण दिवा घालवून बघ.’’

मग वर्षभराच्या खर्चापोटी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे ११,९०४ युरो वाचून छातीत धस्स होतं आणि चिरंजीव अमेरिकेकडे वळतात. कॅनडावर फार वेळ जात नाही. २०२४मध्ये त्यांनी विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, हे वाचून टॅब बंद होतो. अमेरिकेत मात्र मन रमतं, कारण तिथे काळजीला मोकळं मैदान आहे. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीचे, १२ महिने, विषय स्टेमचा असेल तर आणखी २४, मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, जागा वर्षाला ८५ हजार. २०२५च्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्या रात्री वाकडमध्ये कोणी पापणी मिटली नाही. यातल्या बहुतेकांनी अजून जीआरई दिलेली नाही. ती आता दोन तासांच्या आतच संपते. २०२३मध्ये तिला कात्री लागली. एका रात्रीच्या संशोधनात ती दोनदा देऊन होईल.

आमच्याकडची परदेशी शिक्षणाची परंपरा वास्तविक फार आळशी संशोधनाची आहे. पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशींनी लिहिलेलं पत्र एका मिशनरी मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई १८८३मध्ये कोलकात्याहून बोटीत बसल्या, १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. रँकिंग नाही, तुलना नाही, ‘माझं प्रोफाइल इव्हॅल्युएट करा’ अशी कोणाला गळ नाही. आमच्या चिरंजीवांनी आधी त्या दंतवैद्याचे रिव्ह्यू वाचले असते.

पण मी म्हणतो, यांच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही. देशाची आयटी यांच्याच जिवावर उभी आहे. जो माणूस रोज रात्री नोकरी सोडून जातो, त्याला सकाळी साडेनऊच्या स्टँडअपला यायला काहीच वाटत नाही. वाढ चार टक्के मिळाली तरी तो भांडत नाही. ‘फॉलला जायचंच आहे’. फॉल हुकला की स्प्रिंग असतं, स्प्रिंगमध्ये म्हणे चांगले कोर्स नसतात, की पुन्हा पुढचा फॉल. तेवढ्यात टीम लीड होतो, बालेवाडीत टू बीएचके बुक होतो आणि शीटमध्ये ईएमआयचा रकाना येतो.

परवा अशाच एकाने मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना चुकून भलताच टॅब उघडला. लाल, पिवळं, हिरवं, सगळं टीमला दिसलं. कॉलवर शांतता. मॅनेजर वयाने चाळिशीचे, दोन मुलांचे बाप. त्यांनी मीटिंग संपवली आणि त्याला एकट्याला थांबवून घेतलं. हा घामाघूम. साहेबांनी दार बंद आहे ना, ते बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘पासिंग चार धरलंस की पाच?’’