छापलेलं मूत्रपिंड कुठे आहे?

मार्च 2011 मध्ये अमेरिकेत 'टेड'च्या मंचावर डॉ. अँथनी अटाला यांनी छपाईयंत्रातून निघालेला मूत्रपिंडाच्या आकाराचा एक गोळा हातात धरून दाखवला. लगेच बातमी झाली: डॉक्टरांनी मूत्रपिंड छापलं! तो निव्वळ नमुना आहे, रुग्णाला बसवण्याजोगा अवयव नाही, हा खुलासा मागाहून करावा लागला. मथळा लोकांच्या लक्षात राहिला, खुलासा राहिला नाही.

तेव्हापासून अवयव बदलून तीच बातमी पुन्हा पुन्हा येते. 2019 मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या ताल द्वीर यांच्या चमूने रुग्णाच्या पेशींपासून हृदय छापलं. ते सशाच्या हृदयाएवढं होतं. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्या मिळून रक्त ढकलत नव्हत्या. संशोधकांनी हे स्वतःच सांगितलं होतं; बहुतेक मथळ्यांनी तेवढंच गाळलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला जाणारा माणूस असा मथळा वाचतो आणि डॉक्टरांना विचारतो, 'अजून किती वर्षं काढू?' त्याला खोटी आशा विकणं हा गुन्हाच आहे, कायद्यात कलम नसलं तरी.

आकार छापणं आता अवघड राहिलेलं नाही. क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी 2003 च्या सुमारास साध्या कार्यालयीन प्रिंटरमध्ये फेरफार करून पेशी छापून दाखवल्या होत्या. गाडं अडतं ते रक्तापाशी. ऑक्सिजन पेशींमधून स्वतःहून झिरपतो तो फार तर 100 ते 200 मायक्रॉन, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढा. त्याहून आतल्या पेशी गुदमरून मरतात. म्हणून प्रत्येक पेशीजवळ केशवाहिनी हवी, आणि तिची रुंदी असते 10 मायक्रॉनच्या आत. जेलमध्ये कालवलेल्या पेशी बारीक तोटीतून दाबून काढणाऱ्या यंत्राला इतकी नाजूक रेघ ओढता येत नाही. तोटी बारीक केली तर दाबाने पेशी फुटतात. सोऱ्यातून चकली पाडणाऱ्या कुणालाही पुढची पंचाईत कळेल: पीठ सैल असलं तर काटे धरत नाहीत, घट्ट असलं तर सोऱ्या फिरत नाही. इथे तर त्या पिठात जीव आहे.

समजा, आकारही साधला आणि वाहिन्याही उतरल्या. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळणयंत्रणा असतात, त्यांत अनेक जातींच्या पेशी, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. त्या नुसत्या जागेवर ठेवून भागत नाही, आठवडेच्या आठवडे जगवून कामाला लावाव्या लागतात. मग सर्जनने टाके घालून जोडलेल्या वाहिनीने खऱ्या रक्तदाबाचा मारा सोसायला हवा. इथे मोठेही अडखळले: सॅन दिएगोची ऑर्गनोव्हो ही या धंद्यातली गाजलेली कंपनी होती. तिने 2019 मध्ये यकृताच्या ऊतींचा आपला मुख्य उपक्रम थांबवला.

जे जमलंय ते पाहा, म्हणजे मर्म कळेल. 2022 मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवला. त्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी या पेशीजीवशास्त्राच्या संस्थेच्या साथीने कॉर्निया छापून सशाच्या डोळ्यात बसवला. कानाची कूर्चा आणि कॉर्निया, दोन्हींत रक्तवाहिन्या नसतात! रक्ताची गरज जिथे कमी, तिथवर हे शास्त्र पोचलंय. हे कमी नाही. औषधं तपासायला छापलेल्या ऊती वापरण्याची वाट आपल्या केंद्र सरकारने 2023 च्या नियमदुरुस्तीने खुली केली, तेही योग्यच झालं. राइस विद्यापीठाच्या जॉर्डन मिलर यांनी 2019 मध्ये खाण्याचा पिवळा रंग वापरून, श्वासासोबत फुगणाऱ्या हवेच्या पिशवीभोवती वाहिन्यांचं जाळं छापलं. हृदयाच्या मथळ्यांपेक्षा हे काम मला मोलाचं वाटतं, कारण त्याने खऱ्या अडचणीला हात घातला.

तेव्हा संपादकांनो, 'अवयव छापला' असं लिहिण्याआधी एवढंच विचारा: त्यात रक्त फिरलं का, आणि किती दिवस?

आणि वाचकहो, आज आपल्याकडे मूत्रपिंड मिळतं ते माणसाकडूनच. 2023 मध्ये देशात सगळ्या अवयवांची मिळून 18,000 हून अधिक प्रत्यारोपणं झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे जेमतेम हजारावर होते. बाकीचा भार बहुतांशी जिवंत नातेवाइकांनी उचलला. अवयवदानाचा अर्ज भरा, आणि भरल्याचं आजच घरात सांगा. मेंदूमृत ठरलेल्या माणसाच्या उशाशी डॉक्टर संमती विचारतात ती घरच्यांना.