परत आलेल्या पाकिटाचा मान

चंदगड तालुक्यात लेखक म्हटलं की बोट कोवाडकडे वळतं. रणजित देसाई कोवाडचे, १९६२ साली त्यांची ‘स्वामी’ आली, आणि लेखक म्हणजे काय असतं याबद्दल तालुक्यात शंका उरली नाही. संपादकाचं तसं नाही. आमच्याकडे संपादक म्हणजे मोटारसायकलवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ लिहिलेला आणि सरपंचाच्या वाढदिवसाची जाहिरात मागायला आलेला गृहस्थ. तो बिचारा अंक स्वतः लिहितो, स्वतः वाटतो आणि उधारीही स्वतःच वसूल करतो. कुणाची कथा परत पाठवायची चैन त्याला परवडायची कुठून?

त्यामुळे मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीत बसून संपादक श्री. पु. भागवतांनी जन्मभर काय केलं, हे इथे समजावून सांगायचं तर पंचाईत होते. त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक १९३३ साली निघालं आणि १९८२ साली बंद झालं. त्यातली तीन दशकांहून अधिक वर्षं श्री. पुं.ची. या काळात त्यांनी प्रामुख्याने दुसऱ्यांची वाक्यं वाचली. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर ही नवकथेची मंडळी या मासिकातून पुढे आली. बेळगावात राहणाऱ्या इंदिरा संतांच्या कविता त्यात आल्या. बेळगावात शिकून धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींच्या कथा आल्या. श्री. पु. आणि जी. ए. दोघेही १९२३चे. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, अशी वाटणी जन्मतःच झाली असावी. आम्हा चंदगडकरांना कापडापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यासाठी बेळगाव गाठायची सवय, त्यामुळे मराठी साहित्यसुद्धा बेळगावहूनच येतं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

संपादक नेमकं करतो काय, हे मला कळलं ते आमच्या भागातल्या काजूच्या कारखान्यात. बी भाजून, फोडून झाली की बायका चाकू घेऊन रांगेत बसतात आणि गरावरची पातळ लालसर साल काढतात. हात जड पडला की अख्ख्या काजूची पाकळी होते, पाकळीचा तुकडा होतो आणि भाव उतरतो. हलका पडला की साल राहते आणि खाणारा तोंड वाकडं करतो. आणि ज्याने काजू खाल्ला, त्याने सोलणारीचं नाव कधी विचारलंय?

श्री. पुं.ची साल काढायची रीत म्हणजे पत्र. कथा आवडली नाही तर ‘साभार परत’ हे दोन शब्द कुणालाही लिहिता येतात. पण कथा बरी आहे, अजून चांगली होऊ शकते, अमुक ठिकाणी ती सैल पडते, तमुक पात्र नको तितकं बोलतं, हे लेखकाला न दुखावता कळवायचं, मग सुधारलेली कथा पुन्हा वाचायची, आणि गरज पडली तर पुन्हा कळवायचं! एवढ्या वेळात माणसाची स्वतःची कादंबरी लिहून झाली असती. त्यांच्या स्वतःच्या नावावर लेखन थोडं आहे ते का, हे वेगळं शोधायला नको. जोडीला राम पटवर्धन होते. त्यांनी निदान ‘पाडस’चा अनुवाद करून स्वतःची हौस थोडी भागवून घेतली.

या काटेकोरपणाचा राग येणारेही होते. साठच्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. राजा ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून तिची सालटी काढली. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ज्या जगण्याला खटाववाडीच्या दारातून आत येताना अडखळायला होत होतं, ते जगणं महाराष्ट्रात भरपूर होतं, चंदगडातही होतं. पण चिडायला समोर कुणीतरी वाचणारा आहे, एवढी खात्री त्या तरुणांना होती. ती मला हल्ली वाटत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. तरुणपणी ते मासिकांना कथा पाठवायचे. पावसाळ्यात आमच्याकडे पाकिटाला डिंक लावावा लागत नाही, हवेनेच ते चिकटून बसतं. तशी ओलसर पाकिटं मुंबईला जायची आणि वाळून परत यायची. ती सगळी त्यांनी ट्रंकेत ठेवली आहेत. त्यातलं एक खटाववाडीचं. ते काढून दाखवताना गुरुजींचा आवाज बदलतो. “सत्यकथेतनं परत आलीया गा ही,” असं ते सांगतात. दुसरीकडे छापून आलेल्या कथांबद्दल ते इतक्या अभिमानाने बोलत नाहीत.

आता गुरुजी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात. कथा टाकल्याच्या मिनिटाभरात जोडलेले हात, फुलं, अंगठे आणि ‘लय भारी सर’ येतं. कथा मात्र दहा मिनिटांची असते. परवा ते वैतागून कागदावर लिहिलेली नवी कथाच घेऊन माझ्याकडे आले. डाव्या बाजूला चांगला चार बोटं समास सोडला होता. “खरं काय ते लिही,” म्हणाले.

कथा चांगली आहे. फक्त दुसरं पान, पावसाचं, अख्खं काढून टाकायला हवं. गुरुजींनी सगळ्यात जीव लावून लिहिलेलं पान तेच असणार, हे अक्षरावरूनच कळतं. मी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय. समास अजून कोरा आहे. गुरुजी बाजारात भेटले की मी त्यांना यंदाचा काजूचा दर विचारतो.